बॅगा राखायला कोणी बसायचं नाही

(प्रभागसंघाच्या एप्रिलच्या सभेत खजिनदार ताईंनी केलेलं हे भाषण. सुट्टीतल्या सहली ठरू लागल्या आहेत, म्हणून सगळ्या गटांसाठी छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



मी बोलायला उभी राहिले की तुम्ही एकमेकींकडं बघता. आता ही थकबाकीची यादी वाचणार, असं वाटतं. आज यादी आणलेली नाही. आज एक चूक सांगायची आहे आणि ती माझी स्वतःची आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आपल्या तीन गटांनी मिळून सहल काढली. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आपलं नेहमीचंच. या वेळी पोरांनी हट्ट धरला की थीम पार्क बघायचा. बायकाही म्हणाल्या, टीव्हीवर बघतो ते एकदा डोळ्यांनी बघू. बचतीच्या वर दर महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकले, वर्षभर टाकले. मग रात्रीची गाडी करून सोलापूरहून निघालो आणि सकाळी मुंबईकडच्या एका थीम पार्कच्या दारात उतरलो. पार्कचं नाव सांगत नाही, कारण चूक पार्कची नव्हती.

तिकिटाचे पैसे मोजताना माझा हात थरथरला, खरं सांगते. एका तिकिटात घरातला आठवड्याचा किराणा आला असता. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं : तिकीट वसूल झालं पाहिजे. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, ताई, बॅगा ठेवायला लॉकर आहेत, पण त्याचे पैसे वेगळे. मी लगेच म्हणाले, "कशाला? एक जण बसेल की बॅगांजवळ."

आमच्या आक्का म्हणाल्या, "मी बसते गं. मला कुठं त्या पाळण्यात बसायचंय." साठी ओलांडलेल्या, बीपीची गोळी चालू असलेल्या आक्का. झाडाखालच्या कट्ट्यावर त्यांना बसवलं, भोवती बॅगांचा ढीग लावला आणि आम्ही गेलो.

सकाळी त्या कट्ट्यावर सावली होती. बारा वाजता ती सरकली. आक्का सरकल्या नाहीत, कारण एवढ्या बॅगा घेऊन सरकणार कुठं? पाणी प्यायल्या नाहीत, कारण बाथरूम लांब होतं आणि तेवढा वेळ बॅगा कोणाच्या भरवशावर ठेवायच्या? आम्ही मात्र तेव्हा अंधाऱ्या, गार हॉलमध्ये बसलो होतो. पडद्यावर डोंगर-समुद्र दिसत होते, खुर्च्या हलत होत्या. एसी इतका होता की आम्ही पदर लपेटून बसलो. पोरं म्हणाली, पुन्हा एकदा. आम्ही पुन्हा रांगेत उभ्या राहिलो.

अडीचच्या सुमाराला तिथं झाडलोट करणाऱ्या एका मुलीचं आक्कांकडं लक्ष गेलं. आक्का काहीतरी पुटपुटत होत्या. नाव विचारलं तर भलतंच सांगत होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं. तिनं आरडाओरडा करून माणसं गोळा केली, आक्कांना प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, ओली फडकी लावली, पंखा धरला, अॅम्ब्युलन्स बोलावली. दोन दिवस दवाखान्यात सलाइन लागलं. आक्का वाचल्या. आज या बघा पुढच्या रांगेत बसल्यात आणि मला हसतायत. पण त्या दिवशी त्या मुलीनं मान फिरवली नसती तर आज ही खुर्ची रिकामी असती.

ती मुलगी मला काय म्हणाली ते मी विसरले नाही. ती म्हणाली, "मावशी, शेजारचाच जेवणाचा हॉल एसीचा आहे. आत बसायला कोणी वेगळे पैसे घेत नाही. तुमच्या तिकिटातच आहे ते."

बहिणींनो, वर्षाला लाखो रुपयांचा हिशेब ठेवणारी मी बाई. तिकीट वसूल करायला निघाले, आणि त्या तिकिटातली सगळ्यात मोलाची वस्तू, म्हणजे गारवा, आक्कांपर्यंत पोचलाच नाही. का पोचला नाही, यावर मी वर्षभर विचार केला. डॉक्टर ताईंना विचारलं, आशाताईंना विचारलं, मुलाकडून वाचून घेतलं. ते आता सांगते.

आपल्याला उन्हाची सवय आहे, पण त्या उन्हाची नाही

निघताना मीच म्हणाले होते, तिकडं फक्त छत्तीस-सदतीस असतं. आपण बेचाळीस-त्रेचाळीसमध्ये खुरपायला जाणाऱ्या. आपल्याला काय होतंय?

इथं फसायला होतं. आपलं अंग गार होतं ते घामानं. नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. माठातलं पाणी गार कसं होतं? माठ पाझरतो, ओल वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. आपली कातडी म्हणजे तसाच माठ. सोलापूरची हवा कोरडी, घाम लगेच वाळतो. समुद्राकडच्या हवेत आधीच पाणी भरलेलं असतं, तिथं घाम वाळत नाही, नुसता गळतो. साडी चिंब होते, पण अंग गार होत नाही. पावसाळ्यात माठाचं पाणी तेवढं गार होत नाही, तसंच हे.

म्हणून तर हवामान खातं सपाट मुलखात पारा ४० ला गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही, पण किनारपट्टीला ३७ लाच करतं. आणि खारघर आठवा. १६ एप्रिल २०२३ ला तिथल्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. पारा चाळिशीच्या आतच होता. तरी भर दुपारी उघड्यावर बसलेल्या माणसांपैकी दहापेक्षा जास्त जण दगावले. तीही आपल्यासारखीच उन्हाची सवय असलेली माणसं होती.

एसी म्हणजे चैन नव्हे

आपल्या मनात एसीबद्दल दोन गोष्टी बसल्यात. एक, ती श्रीमंतांची चैन. दुसरी, आपण तिथं बसलो तर कोणीतरी येऊन उठवणार. बँकेत जाताना पहिल्यांदा आपण कशा दारातच घुटमळायचो, तसंच.

तर ऐका. एसीची सुरुवात माणसांसाठी झालीच नाही. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन इथं एक छापखाना होता. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. म्हणून विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवेतला ओलावा काढून घेणारी यंत्रणा आखली. ओलावा काढायचं काम एसी आजही करतो. एसीच्या नळीतून पाणी टपकतं ना? ते खोलीच्या हवेतून काढलेलं पाणी. म्हणून आपल्याकडं वाळ्याचा कूलर छान चालतो, पण समुद्राकडं चालत नाही. कूलर हवेत ओल घालतो, एसी ओल काढून घेतो. पार्कमधले तुषार उडवणारे पंखेसुद्धा कोरड्या हवेत जास्त उपयोगी. दमट दुपारी त्यांच्यापुढं उभं राहून बरं वाटेल, पण त्यावर विसंबून राहू नका.

म्हणजे गार हॉलमध्ये बसल्यावर दोन गोष्टी होतात. हवा थंड मिळते आणि घाम पुन्हा वाळायला लागतो. अंगात साठलेली उष्णता उतरते. मी खजिनदार आहे, माझ्या भाषेत सांगते : ऊन म्हणजे कर्ज. थोडं घेतलं, वेळेवर हप्ता भरला, तर काही बिघडत नाही. गार जागेत अर्धा तास बसणं हा हप्ता. सकाळपासून हप्ताच भरला नाही तर दुपारी एकदम सगळी वसुली लागते. आक्कांचं तेच झालं.

पाणी आणि बाथरूम

मुलानं मला एक जुनी हकिगत वाचून दाखवली. अमेरिकेतलं डिस्नेलँड, सगळ्या जगानं ज्याचं बघून पार्क काढले ते, १७ जुलै १९५५ ला उघडलं. त्या दिवशी तिथं ऊन तापलेलं, अडतीसच्या आसपास. बोलावलेल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त माणसं खोटी तिकिटं घेऊन शिरली. नवं डांबर इतकं मऊ झालं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. आणि नळ जोडणाऱ्या कामगारांचा संप झालेला. त्यामुळं मालकापुढं प्रश्न, उघडण्याआधी एकच काम होईल : पिण्याच्या पाण्याचे नळ की बाथरूम? त्यानं बाथरूम करून घेतले. लोक तहानलेले फिरले आणि त्याला बोल लावत राहिले.

ऐकून मला हसू आलं आणि लगेच गप्प झाले. कारण हा प्रश्न आपण बायका रोजच सोडवतो. बाजारला जायचं, तालुक्याला जायचं, बाथरूम कुठं असेल माहीत नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. आक्कांनी तेच केलं. आता पार्कमध्ये पाणीही असतं आणि बाथरूमही, पण आपली सवय तशीच राहिलीय. गार हॉलमध्ये तर आणखी फसवणूक होते. तिथं तहानच लागत नाही. आम्ही दोन तास आत होतो, एकीनंही घोट घेतला नाही, आणि बाहेर आल्यावर तिघींचं डोकं धरलं. म्हणून तहानेची वाट बघायची नाही. गार जागेत शिरताना प्यायचं आणि बाहेर पडताना प्यायचं.

दुपार कुठं काढायची

आखाती देशात आपली कितीतरी मराठी माणसं कामाला आहेत. तिथं उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून अबू धाबीत २०१० साली फेरारी वर्ल्ड नावाचा पार्क उघडला, तो बहुतेक सगळा एका मोठ्या छपराखाली, एसीत. पुढं वॉर्नर ब्रदर्सचा पार्कही तसाच छपराखाली बांधला. म्हणजे ज्यांनी पैसा ओतला त्यांनीही मान्य केलं की भर उन्हात माणसाला मजा येत नाही.

पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडली. तिथं १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्यावर मजुराकडून काम करून घ्यायला बंदी आहे. असा नियम आपल्या सहलीपुरता आपणच करू. साडेबारा ते तीन कोणीही उघड्यावर राहायचं नाही.

दिवस असा आखायचा. दार उघडल्याबरोबर आत. उघड्यावरचे पाळणे, झोके सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत उरकायचे. मग जेवण गार हॉलमध्ये आणि जेवल्यावर लगेच उठायचं नाही. दुपारभर आतले खेळ : सिनेमाचे, अंधारातल्या गाडीचे, बाहुल्यांचे. आत जायच्या आधी दारातल्या माणसाला विचारा, "दादा, रांग आत आहे का बाहेर?" खेळ पाच मिनिटांचा गार असतो आणि रांग पाऊण तासाची, पत्र्याखाली. रांग बाहेर असली तर तो खेळ चारनंतर. संध्याकाळी पुन्हा उघड्यावरचं. असं केलं तर एकही खेळ बुडत नाही, फक्त क्रम बदलतो.

आत-बाहेर करताना

आपल्या सासवा म्हणायच्या, सर्दगर्मी होते. त्यात तथ्य आहे, पण घाबरण्याएवढं नाही. धडधाकट माणसाला उन्हातून एसीत गेल्यानं आजार होत नाही. काळजी एवढीच घ्यायची : घाम पुसून आत जा. अंग ओलं असलं की एसीत हुडहुडी भरते, लहान पोरांना आधी. दारावर जोराची हवा येते, ती बाहेरची गरम हवा अडवायला सोडलेली असते. पोराला घेऊन तिच्याखाली उभं राहू नका, आत सरका. एसीच्या झोताखालची खुर्ची म्हाताऱ्या माणसाला देऊ नका. दमा असलेल्यांनी पंप जवळ ठेवावा, गार कोरड्या हवेनं त्यांना धाप लागू शकते. एक सुती ओढणी किंवा पंचा पिशवीत असू द्या, उन्हात डोक्याला आणि आत खांद्याला.

बाहेर पडताना दोन मिनिटं सावलीत थांबा, मग उन्हात. बराच वेळ बसून एकदम उठलं की काहींना चक्कर येते, बीपीची गोळी घेणाऱ्यांना जास्त. त्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं, पण मनानं गोळी बंद करू नये.

यंदा काही गट खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा विचार करतायत असं कळलं. तिथं बर्फाचा पार्कही आहे. तिथं जायचं तर पाण्यातल्या खेळावरून ओल्या कपड्यांनी सरळ जाऊ नका. आधी अंग आणि कपडे कोरडे करा.

आणि साडी. सहल म्हणून आपण ठेवणीतली सिंथेटिक साडी काढतो. तिच्यात घाम कोंडतो. त्या दिवशी सुती नेसा. फोटो तितकाच छान येतो.

कोणाला ऊन लागलं तर

डोकं दुखतंय, चक्कर येतेय, पोटऱ्यांत गोळे येतायत, मळमळतंय, तर लगेच गार जागेत बसवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी द्या. ओआरएसची पाकिटं न्या. नसली तर एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. चमचा चहाचा, मोठा नाही.

पण माणूस बरळायला लागला, ओळख पटेना, अंग भट्टीसारखं तापलं, फिट आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. मग घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन लावा, पार्कच्या माणसाला हाक मारा. गाडी येईपर्यंत अंग ओलं करा आणि वारा घाला. बर्फ मिळाला तर फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळीही देऊ नका, या तापावर ती चालत नाही.

ठराव

आता सभेपुढं ठराव मांडते. पटले तर हात वर करा आणि आपापल्या गटाच्या वहीत लिहून घ्या.

१. सहलीच्या अंदाजपत्रकात लॉकरचे पैसे आधीच धरायचे. बॅगा राखायला कोणी बसायचं नाही, कितीही आग्रह केला तरी.

२. साडेबारा ते तीन सगळ्यांनी गार जागेत.

३. पाच-पाच जणींची टोळी करायची, प्रत्येक टोळीत एक मोठं माणूस. दर तासाला एकमेकींना विचारायचं : पाणी प्यायलीस का, बाथरूमला गेलीस का?

४. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली, औषधं आणि बाळाचं खाणं चालतं का, ते आधी फोन करून विचारायचं.

५. आत शिरल्यावर पहिल्यांदा तीन जागा बघून ठेवायच्या : पाणी, बाथरूम, प्रथमोपचाराची खोली. पाळणा नंतर.

६. ज्यांना खेळात बसायचं नाही त्यांची जागा एसी हॉलमध्ये. त्यांचं तिकीटही तिथंच वसूल होतं.

हात वर झाले. ठराव मंजूर.

शेवटचं एक. दवाखान्यातून घरी आल्यावर आक्का मला म्हणाल्या, "तू कशाला रडतेस? मीच म्हणाले ना, मी बसते." बहिणींनो, हेच तर आहे. लग्नात, बाजारात, दवाखान्यात "मी बसते" म्हणणारी एक बाई प्रत्येक घरात असते आणि आपण तिला बसू देतो. आपल्या गटाच्या वहीत प्रत्येकीचं नाव सारखं आहे, बचत सारखी आहे. मग सावलीही सारखी वाटून घ्यायला हवी.

यंदाच्या सहलीला पहिलं नाव आक्कांनी दिलंय. म्हणाल्या, तो खुर्च्या हलणारा सिनेमा बघायचा राहिलाय. त्यांच्या शेजारची खुर्ची माझी.